मिसळीवरचा कोरा

(दृश्य: रविवार सकाळ. नाशिकच्या वेशीवरचं मिसळीचं हॉटेल. चुलीवर रस्सा रटरटतोय.)

मोड आलेली मटकी, शेव, कांदा, पापड, वर पिळायला लिंबाची फोड. तर्री संपते, कपाळावरचा घाम पुसला जातो आणि हाक जाते, "दादा, दोन कोरे द्या!" मिसळीच्या झणक्यावर दुधाचा चहा नको, कोरा काळा चहाच हवा, असं मानणारे इथे पुष्कळ.

(दृश्य: पातेल्यात उकळणारी चहापूड. रंग गडद होत जातो.)

चहाचं पान मुळात हिरवंच. ते तोडून सुकवतात, चुरगळतात आणि त्याला हवा लागू देतात. चिरलेलं वांगं काळं पडतं ना, साधारण तीच ही क्रिया. त्यातून थिअफ्लेविन्स आणि थिअरुबिजिन्स ही द्रव्यं तयार होतात. कोऱ्याचा तांबूस रंग आणि जिभेवरचा तुरटपणा त्यांचाच.

कोऱ्याच्या बाजूने पुरावाही आहे. ब्रिटनमधल्या सुमारे ५ लाख लोकांच्या नोंदी २०२२ मध्ये तपासल्या गेल्या. त्यात रोज दोन किंवा अधिक कप चहा घेणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्क्यांनी कमी दिसला. हे बहुतेक काळा चहा पिणारे. गंमत म्हणजे दूध घालणाऱ्यांमध्येही तो तसाच कमी दिसला, म्हणजे कोरा पिणाऱ्यांनी फार ताठायला नको. शिवाय ही नुसती निरीक्षणं. चहामुळेच आयुष्य वाढलं, असं त्यावरून म्हणता येत नाही.

(दृश्य: पुन्हा मिसळीचं ताट. लिंबाची फोड पिळली जाते.)

आता या ताटाकडे पाहा. मटकीत लोह आहे. लिंबातलं क जीवनसत्त्व ते अंगी लागायला मदत करतं. आणि वरून लगेच ओतलेला कोरा तेच लोह पोटात बांधून टाकतो! जेवणासोबत चहा घेतला तर धान्य-कडधान्यातल्या लोहाचं शोषण काही प्रयोगांत निम्म्याहूनही खाली आलं. तासभर थांबलं, तर हा परिणाम बराच ओसरतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनेही २०२४ च्या आहारसूचनांत जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा, असंच सांगितलंय.

(दृश्य: दिंडोरीकडचा रस्ता. द्राक्षबागेत कामाला निघालेल्या बाया.)

मिसळ आठवड्यातून एकदा. या बायांचं रोजचं आहे. दूध डेअरीला जातं, घरात कोरा उरतो आणि बाजरीची भाकरी त्याच्याच घोटाबरोबर खाल्ली जाते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याची कारणं अनेक, सगळा दोष चहाच्या माथी मारता येणार नाही. पण आशाताईंनी दिलेली लोहाची गोळी चहाबरोबर घेतली, तर ती पूर्ण अंगी लागत नाही. गरोदरपणी कॅफीनही दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. एका कपात ते साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं.

गूळ घातला म्हणून कोऱ्याचा काढा होत नाही, बरं का. गूळ म्हणजे साखरच.

अतिरेकाचं एक टोक अमेरिकेत दिसलं. आर्कान्सातले एक ५६ वर्षांचे गृहस्थ रोज १६ ग्लास थंड काळा चहा पीत. त्यातल्या ऑक्झलेटने (मुतखडे बहुधा याच क्षाराचे असतात) त्यांची मूत्रपिंडं निकामी केली. २०१५ मध्ये डॉक्टरांनी ही केस प्रसिद्ध केली. आपल्याकडे कोणी इतका पीत नसेल, पण मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी कडक कोऱ्याचे कप मोजावेत.

(दृश्य: गोदाघाटाजवळची टपरी. एक आजोबा कपातला चहा बशीत ओततात.)

राहिला उकळता घोट. ६५ अंशांपेक्षा गरम पेयांमुळे अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका संभवतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१६ मध्ये नोंदवलं. आजोबांना हे कोणी सांगितलेलं नाही. ते बशीवर फुंकर घालतात, जरा थांबतात आणि मग फुर्रर्र करून घोट घेतात.