आंबट द्राक्षांची वाईन

[दृश्य: दौलताबादचा किल्ला, पायथ्याची शेतं]

चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला. इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, असं त्यानं लिहून ठेवलंय. मोरोक्कोच्या माणसाला नवल वाटणारच. त्याच्या मुलखात द्राक्षाची वेल हिवाळ्यात पानं गाळून स्वस्थ पडते. आपल्याकडे तेवढी थंडीच पडत नाही, त्यामुळे वेलीला झोप कसली ती माहीतच नाही.

म्हणून आपला बागायतदार तिला कात्रीनं शिस्त लावतो. एप्रिलात खरड छाटणी, काडी तयार व्हायला. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, घड धरायला. छाटण्या दोन, पीक मात्र एकच. जानेवारी ते मार्च तोडणी.

[दृश्य: कडवंची, शेततळी आणि बागा]

जालना तालुक्यातलं हे कडवंची. पाणलोटाची कामं आधी झाली, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राची साथ मिळाली, मग शेकडो शेततळी आली आणि त्यांच्या जिवावर द्राक्षं. २०१६ साली लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तोच हा मराठवाडा. इथे ठिबकच्या नळीतून जाणाऱ्या पाण्याचाही हिशेब असतो.

पण ही सगळी खायची द्राक्षं. थॉम्पसन, सोनाका, माणिक चमन. बिनबियांची, लांबट, पातळ सालीची. मण्याची फुगवण व्हावी म्हणून घड जीएमध्ये, म्हणजे जिबरेलिक आम्ल या वाढ-संजीवकाच्या पाण्यात, बुडवायचे, दाटी झाली तर विरळणी करायची. व्यापारी बांधावर येतो तो मण्याचा आकार बघतो, चव बघतो, आणि गोड नसेल तर गाडी वळवून निघून जातो.

[दृश्य: वाईनच्या द्राक्षाचा घड, अगदी जवळून]

आता हा घड बघा. जात चेनिन ब्लां. मणी वाटाण्यापेक्षा थोडा मोठा, घड गच्च, बोट शिरणार नाही असा. दाताखाली साल चिवट लागते, आत बिया. बाजारात याला कुणी विचारणार नाही. आणि बऱ्यापैकी आंबट! कोल्हा ज्याला नावं ठेवून निघून गेला, नेमकं तेच वाईनवाल्याला हवं असतं.

साखरेचं काम सरळ आहे. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल तयार होतं. ऊन भरपूर असल्यावर साखरेची ददात नाही. खरी ओढाताण आंबटपणाची. रात्री उबदार असल्या की द्राक्ष स्वतःतलं मॅलिक आम्ल जाळून टाकतं. गोडी चढत जाते, आंबटपणा उतरत जातो. दोन्ही ठीक जमतात ते दिवस थोडेच. ते चुकले की वाईन जड, मिळमिळीत होते. म्हणून व्हाईट वाईनसाठी चांगला वाईनवाला उजाडायच्या आत तोडणी करतो, द्राक्षं थंड असतानाच दाबून सालीवेगळा रस काढतो आणि स्टीलच्या टाकीत साधारण १२ ते १६ अंशांवर सावकाश आंबवतो. गरम टाकीतून सुगंध उडून जातो.

[दृश्य: टेबलावर बाटल्या]

महाराष्ट्रानं २००१ साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, त्यानंतर वायनऱ्या वाढल्या. तरी छत्रपती संभाजीनगरच्या दुकानात उभं राहिलं की दोन-तीनच नावं पुढे येतात. वाईट नाहीत ती. पण बहुतेकांना आवडेल अशी वाईन करायची म्हटलं की कोपरे घासले जातात, थोडी साखर शिल्लक ठेवली जाते. आम्हाला त्या कोपऱ्यांतच रस आहे.

इगतपुरी तालुक्यातल्या वॅलोने या छोट्या वायनरीची व्हिओनिये घ्या. ही जात फ्रान्समधल्या ऱ्होन खोऱ्यातली, १९६० च्या दशकात जवळजवळ संपत आली होती. वास जर्दाळूचा, फुलांचा. आंबटपणा पटकन गमावते, त्यामुळे उष्ण मुलखात हिला हात घालणं म्हणजे धाडसच.

निफाडजवळच्या कुंदेवाडीची रेव्हेलो. यांनी ग्रिलो लावली, सिसिलीची जात. सिसिलीच्या उन्हात टिकते ती आपल्या उन्हाला काय भिते? आम्हाला या मंडळींचा हिशेब फार आवडला. नावाजलेली जात आणून तिचे लाड करत बसण्यापेक्षा आपल्यासारख्याच तापलेल्या मुलखातली आणावी.

आणि धाराशिवला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात, अकलूजची फ्रातेली. ही काही लहान कंपनी नव्हे, पण त्यांची एक वाईन दुकानदारालाही चटकन आठवत नाही. सांजोवेजे बियांको. सांजोवेजे हे काळं द्राक्ष. रंग सालीत असतो, गर फिका. साल रसात मुरू दिली नाही की काळ्या द्राक्षाची व्हाईट वाईन होते.

विकत घेताना लेबलावरचं साल बघा. अशा बहुतेक व्हाईट वाईन ताज्या असतानाच चांगल्या, जपून ठेवण्यात शहाणपण नाही. बाटलीला बुचाऐवजी फिरकीचं झाकण असेल तर नाक मुरडू नका, ताजेपणा त्यानं छान टिकतो. काउंटरमागे उन्हात उभी असलेली बाटली मात्र फुकट दिली तरी नको. मराठवाड्यातला एक मे महिना तिला पुरतो.

[दृश्य: हुरड्याची आगटी]

सोबत काय खायचं? कोवळा ज्वारीचा हुरडा मुळात गोडसर, त्यात धुराचा वास, वर शेंगदाण्याची चटणी. याच्याशी कोरडी, म्हणजे साखर न उरलेली, आंबट चेनिन मस्त जमते. शेंगदाण्याचा तेलकटपणा ती धुऊन काढते. येसराच्या आमटीबरोबर मात्र हीच बाटली फसेल. अल्कोहोलनं तिखट आणखी झोंबतं. तिथे, आणि नान-खलियाबरोबरही, किंचित गोड राखलेली चेनिन बरी. म्हणजे मघाशी ज्या साखरेला नावं ठेवली, तिलाही जागा आहे.

[दृश्य: कडवंचीची बाग, तोडणी सुरू]

मग कडवंचीची चेनिन का नाही? जानेवारीत इथेही रात्री चांगल्या गार असतात. पण उभी थॉम्पसनची बाग काढून नवी जात लावायची तर पहिला धड माल हाती यायला दोन-तीन वर्षं जातात. ते द्राक्ष वायनरीनं घेतलं नाही तर बाजारात खपत नाही, बियांमुळे नेहमीचा बेदाणाही होत नाही. खरेदीचा पक्का करार हातात नसताना शेतकऱ्यानं हा जुगार का खेळावा? २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय सरकारनं घेतला, त्यावर गदारोळ झाला आणि गाडं तिथंच रुतलं. मोठ्यांचं त्यात फारसं अडलं नाही. छोट्यांना फळीवर जागा मिळणं अवघड होतं, ते अवघडच राहिलं.

तोवर जालन्यात, लातुरात ग्रिलो मागितली की दुकानदार आधी दुसरंच काहीतरी पुढे करेल. त्याला नाव कागदावर लिहून द्या, आणि एकट्यानं मागण्यापेक्षा चार ओळखीच्यांनाही मागायला लावा. एका बाटलीसाठी तो पुरवठादाराला फोन करत नाही, सहा बाटल्यांसाठी करतो.