पऱ्हाटीतली बोटं

(दृश्य : यवतमाळ जिल्ह्यातलं एक वावर. सकाळ. वेचणी सुरू.)

सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन चार दिवस झालेत. दव वाळलं आणि बायांनी ओळी धरल्या. कमरेला ओटी, दोन्ही हात बोंडांवर. या हातांच्या अगदी जवळ जाऊ या. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी; नखांच्या कडेला ओरखडे उठलेत. तरी तीन बोटं आत शिरतात, कापूस चिमटीत धरतात आणि एका हिसक्यात मोकळा करतात.

ही चिमूट आवळणारे मोठे स्नायू बोटांत नाहीत, कोपराखाली आहेत. त्यांच्यापर्यंत मज्जारज्जूतून तंतू येतात. पण तंतू आणि स्नायू यांच्यात बारीकशी फट असते. ती ओलांडून निरोप नेतं एक रसायन, ॲसिटिलकोलीन.

ते आधीच भरून ठेवलेलं लागतं. तंतूच्या टोकाशी इवल्या पिशव्या असतात, पुटिका. मिलिमीटरभर रेघेवर वीसेक हजार मावतील एवढ्या बारीक, आणि एकेकीत हजारो रेणू. हे रसायन असं पुड्यापुड्यांनीच सुटतं, हे बर्नार्ड काट्झ यांनी बेडकाच्या स्नायूवर दाखवलं. 1970 च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

पण पिशवी भरते कशी? मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच. पिशवीच्या भिंतीत एक पंप असतो. एटीपीची, म्हणजे पेशीच्या इंधनाची, ऊर्जा खर्चून तो प्रोटॉन आत ढकलत राहतो. आतली बाजू आंबट होते. बाहेरच्यापेक्षा पन्नासेक पट प्रोटॉन तिथं कोंडले जातात. त्याच भिंतीत दुसरं प्रथिन असतं, वाहक. विहिरीवरची मोट आठवा. बैल धावेवरून उताराला गेले की पाणी वर येतं. इथं दोन प्रोटॉन उताराला बाहेर पडतात आणि त्या ओढीवर ॲसिटिलकोलीनचा एक रेणू आत चढतो. वाहक एका वेळी एकाच बाजूला उघडतो, म्हणून भरलेलं परत सांडत नाही. आणखी एक गोष्ट : हे रसायन बनवणाऱ्या एन्झाइमचं जे जनुक, त्याच्या पोटातच या वाहकाचं जनुक बसलेलं आहे. बनवणारा आणि भरणारा एकाच घरचे.

काम झालं की फटीतलं ॲसिटिलकोलीन तोडणारं एन्झाइम तिथंच हजर असतं. सुटं झालेलं कोलीन तंतू परत ओढून घेतो. पुन्हा रसायन, पुन्हा पिशवी.

(दृश्य : धुऱ्यावर ठेवलेला फवारणीचा पंप.)

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही फवारणीची औषधं नेमकं हे तोडणारं एन्झाइम बंद पाडतात. भरणं चालू, सुटणं चालू, आवरणं बंद. डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, लाळ-घाम सुटतो, स्नायू फडफडतात, मग लुळे पडतात. श्वास चालतो तोही स्नायूंवरच. 2017 च्या हंगामात या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास जीव गेले. ती माणसं निष्काळजी होती, हे मला मान्य नाही. पुरुषभर पऱ्हाटीत शिरून फवारलं की औषध तोंडावरच येतं.

फवारताना मळमळलं, नजर धूसर झाली तर लगेच काम थांबवा. कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा, दवाखाना गाठा. औषधाची बाटली सोबत न्या. तिच्यावरचं नाव वाचून डॉक्टरांना ॲट्रोपिन हा उतारा सुरू करायला वेळ लागत नाही.