आरशातली माय

(दृश्य: अमळनेर. मे महिना, दुपारचे बारा. रस्त्यावर एक स्कूटी. मुलीचा चेहरा दिसत नाही.)

पारा 44 वर गेला की खानदेशातल्या मुलींचे चेहरे नाहीसे होतात. डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ, त्यावर गॉगल, अंगात सनकोट, कोपरापर्यंत हातमोजे. बाहेरगावचा माणूस दचकतो. आम्ही त्यातूनही मैत्रीण ओळखतो.

स्कार्फ बांधायची पद्धत असते. आधी कपाळावरून घट्ट, मग नाकावरून, मागे गाठ, उरलेलं टोक आत खोचायचं. मला ती आईने शिकवली, आठवीत. गाठ आवळताना दरवेळी एकच वाक्य: "उनमा नको फिरू, काळी पडशी."

त्याच वर्षी मला भयकथांचं वेड लागलं. नारायण धारप, रत्नाकर मतकरी, वाचनालयातून मिळेल ते. आजी हडळीच्या गोष्टी सांगायची, त्या वेगळ्याच. हडळ तशी सोपी. समोरून देखणी आणि पाय उलटे. पाय पाहायचे आणि पळायचं.

आईचे पाय सरळ असतात, ही खरी पंचाईत.

(दृश्य: जुना आरसा. काठाला चिकटवलेल्या टिकल्या.)

रूपाच्या वेडाची सगळ्यात जुनी भीती आपण लहान मुलांना झोपवताना सांगतो. हिमगौरी! मराठीतही तिचं गोरेपण नावातच आलं. ही गोष्ट ग्रिम बंधूंनी 1812 मध्ये पहिल्यांदा छापली, तेव्हा त्यातली राणी सावत्र नव्हती. सख्खी होती. बर्फासारखी गोरी लेक व्हावी हे मागणं तिचंच. लेक सात वर्षांची झाली, आरशाने 'सगळ्यात सुंदर' म्हणून लेकीचं नाव घेतलं, आणि हिने शिकारी पाठवला. त्याने रानडुकराची फुप्फुसं आणि काळीज आणून दिलं. तिने ते पोटच्या पोरीचं समजून मिठात शिजवून खाल्लं.

1819 च्या आवृत्तीत राणी सावत्र झाली. आईपणाला बट्टा लागू नये म्हणून ग्रिमांनी हा बदल केला, असं अभ्यासक मानतात. म्हणजे डूक, आरसा, मीठ सगळं तसंच ठेवलं. फक्त नातं बदललं, आणि वाचणाऱ्यांना झोप लागली.

मला ते कळतं. मी अमळनेरची. साने गुरुजी इथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. या गावात आईबद्दल वाकडा शब्द काढायला जीभ रेटत नाही. पण एक गोष्ट मनात येतेच. मुलगा सावळा असला की त्याचा श्याम होतो. मुलगी सावळी असली की पाहुण्यांसमोर 'रंग जरा कमी, पण नाकी-डोळी नीटस' होते. त्यातला 'पण' माझ्या आईने अनेक बैठकांमध्ये, चहाचा ट्रे हातात धरून ऐकला आहे.

राणीला रूप स्वतःसाठी हवं होतं. आईला ते माझ्यासाठी हवं होतं. भयकथा लिहिणाऱ्याला दुसरी आई जास्त अवघड, कारण तिच्यापासून पळून कुठे जायचं? ती तर तुमच्या भल्यासाठीच मागे लागलेली असते.

(दृश्य: दुकानातलं शेल्फ. क्रीमच्या डब्या.)

गोरेपणाची देशातली सगळ्यात गाजलेली क्रीम 1975 मध्ये बाजारात आली. 2020 मध्ये तिच्या नावातला 'फेअर' गेला. मात्र लग्नाच्या बायोडेटातला 'वर्ण' हा रकाना आहे तिथेच आहे.

आणि 2023 च्या सुरुवातीला एक बातमी आली. विदर्भातलं एक घर. आई आणि तिच्या दोन मुली, तिघींच्याही मूत्रपिंडाला सूज. तिघी एकच क्रीम लावत होत्या आणि तपासणीत त्या क्रीममध्ये पारा निघाला. पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. तोच कातडीतून आत शिरतो आणि मूत्रपिंडात साठतो. एक डबी आणि एका आरशासमोर तिघी. ही गोष्ट कुणी कथेत लिहिली असती, तर मी म्हटलं असतं, जरा अतीच झालं.

(दृश्य: आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. अंगणातल्या निंबाला झोका.)

आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात. मीही येते. वैशाखाचं ऊन, एसटीचा धुरळा. आई दारातच उभी असते. पाण्याचा तांब्या नंतर, आधी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवते. "कितली काळी पडनी वं!" हेच तिचं 'आलीस का'.

मग वाटीत बेसन, हळद, साय. आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचलेली बोटं, बोंडांच्या टोकांनी चरे पडलेली. ती गालावरून फिरतात तेव्हा खरखरतात. मी चाळिशीला आले. नको म्हणायचं ठरवून आलेली असते, आणि डोळे मिटून चेहरा पुढे करते.

वाटीत थोडं उरतं. ते तिने स्वतःच्या तोंडाला लावलेलं मी कधी पाहिलं नाही. ती वाटी विसळते आणि पाणी अंगणातल्या निंबाच्या मुळाशी ओतते.