निकाल विरोधात गेला की कोण काय करतं?

मित्रहो, विषय पत्रिकेवर छापलेलाच आहे: समाजाला जास्त धोका कशाचा, सामाजिक न्यायाच्या चळवळींचा की धर्मांधतेचा? माझं उत्तर लपवून ठेवत नाही. धर्मांधतेचा. पण मी त्या उत्तरापर्यंत कसा पोचलो ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण हल्ली या वादात एक वाक्य फार ऐकू येतं: ‘दोन्ही टोकं सारखीच.’ मोर्चेवाले रस्ता अडवतात, कट्टरवालेही अडवतात. दोघंही घोषणा देतात, दोघंही कुणाच्या तरी भावना दुखावतात. म्हणजे आवाजाची पट्टी मोजायची आणि दोघांना एका ओळीत बसवायचं. याचा मला मनापासून राग येतो. आवाज मोजून धोका कळत नाही. मी वेगळा प्रश्न विचारतो: निकाल आपल्या विरोधात गेला की ही माणसं काय करतात?

हा प्रश्न मला महाडने शिकवला. चवदार तळं तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, पण आपल्या स्मरणात बहुधा 20 मार्च 1927 हा एकच दिवस असतो. मला बोलायचंय ते त्याच वर्षीच्या डिसेंबरबद्दल. त्यावर फार कमी बोललं जातं.

क्रम आठवा. मुंबई कायदेमंडळाने 1923 मध्येच सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला होता: सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले. महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं होतं. म्हणजे बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची हजारो माणसं तळ्यावर गेली ती कायद्याने आधीच दिलेलं घ्यायला. पाणी प्यायले, परत फिरले. मग गावात अफवा उठली की आता हे वीरेश्वराच्या देवळात घुसणार. जमाव लाठ्या घेऊन आला आणि परिषदेसाठी आलेल्या लोकांना मारहाण झाली. त्या लोकांत लष्करात नोकरी केलेले कितीतरी होते, उलट हात उचलणं त्यांना अवघड नव्हतं. बाबासाहेबांनी त्यांना थांबवलं. पुढे तळं ‘शुद्ध’ करण्यासाठी त्यात गोमूत्र आणि शेण ओतलं गेलं. पाणी बाटलं ते माणसाच्या ओंजळीने आणि शुद्ध झालं ते शेणाने! हे वाचलं की आजही माझा आवाज चढतो.

आता डिसेंबर. पुन्हा सत्याग्रह ठरला. परिषदेला जागा द्यायला कोणी तयार होईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जमीन दिली. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं. तो ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता, जन्माने ब्राह्मण. चळवळ एका जातीचा सूड होती असं म्हणणाऱ्यांनी ही दोन नावं पाठ करावीत. पण मुद्दा पुढेच आहे. परिषदेच्या आधीच सवर्णांनी दिवाणी दावा लावून ‘तळं खासगी आहे’ असं म्हणत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता. हजारो माणसं सत्याग्रहासाठी महाडात जमलेली, तुरुंगात जायची तयारी करून आलेली. जिल्हाधिकारी स्वतः परिषदेत येऊन सांगून गेले, हुकूम मोडू नका. रात्र चर्चेत गेली. डोळ्यांसमोर आणा तो मंडप! मार्चमध्ये ज्यांची डोकी फुटली त्यांना सांगायचं होतं की आज पाण्याला हात लावायचा नाही. बाबासाहेबांनी ते सांगितलं. मिरवणूक निघाली आणि लोक पाण्याला न शिवता घरी गेले. दावा दहा वर्षं चालला. 1937 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अस्पृश्यांना मज्जाव करण्याची प्राचीन रूढी वादींना सिद्ध करता आलेली नाही. दहा वर्षं, मित्रहो, एका ओंजळभर पाण्यासाठी.

मुस्लिम समाजसुधारक हमीद दलवाईंचाही विषय मला इथे घ्यायचा होता. 1966 मध्ये फक्त सात मुस्लिम महिलांना घेऊन त्यांनी मुंबईत तोंडी तलाकविरुद्ध मोर्चा काढला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो तलाक अवैध ठरवला तो 2017 मध्ये. पण अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. तेव्हा दुसरी बाजू भराभर मांडतो.

पाकिस्तानात आसिया बीबी या ख्रिस्ती महिलेला धर्मनिंदेसाठी फाशी सुनावली गेली. पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर तिच्या बाजूने बोलले म्हणून 4 जानेवारी 2011 रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने त्यांना गोळ्या घातल्या. खुन्याला कोर्टात आणलं तेव्हा काही वकिलांनी त्याच्यावर गुलाबपाकळ्या उधळल्या. त्याला शिक्षा सुनावणाऱ्या न्यायाधीशांना देश सोडावा लागला. हे एका धर्माचं दुखणं नाही. इस्रायलमध्ये 1995 साली पंतप्रधान राबिन यांना मारणारा धार्मिक ज्यू होता. अमेरिकेत 2009 साली गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला चर्चमध्येच गोळी घातली गेली, खुनी देवाच्या नावाने त्या खुनाचं समर्थन करत होता. या माणसांच्या लेखी निकाल वर आधीच लागलेला असतो, त्यामुळे खालच्या कोर्टात अपील करण्यासारखं काही उरतच नाही.

न्यायाच्या नावानेही रक्त सांडलंय, हा आक्षेप मला माहीत आहे आणि तो हलका नाही. कंबोडियात 1975 ते 1979 या काळात समतेच्याच नावाने 15 ते 20 लाख माणसं मेली. खरं आहे. पण तिथे सत्ता हाती येताच न्यायालयंच मोडीत काढली गेली. ‘आम्ही न्यायाच्या बाजूचे, म्हणून आम्हाला न्यायालय नको’ असं चळवळ म्हणू लागली की माझ्या कसोटीवर ती धर्मांधच ठरते, झेंडा कुठलाही असो. आणि तरुण कार्यकर्ते इथे बसलेत म्हणून सांगतो: समाजमाध्यमांवर कुणाचं नाव टाकून, त्याचं ऐकून न घेता त्याला आयुष्यातून उठवणं मला मान्य नाही. त्यात अन्याय होतो. पण तो माणूस दुसऱ्या दिवशी उत्तर देऊ शकतो, अब्रूनुकसानीचा दावा लावू शकतो. तासीर यांना ती सोय नव्हती.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनाही नव्हती. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं आमदार, मंत्री, समित्या यांचे उंबरे झिजवत राहिले. मसुद्यातली कलमं गळत गेली, तरी चर्चा सोडली नाही. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असता त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच त्या कायद्याचा वटहुकूम निघाला. खुनाच्या खटल्याचा निकाल मे 2024 मध्ये लागला: दोघांना जन्मठेप, तिघे निर्दोष. तो निकाल त्यांच्या माणसांना अपुरा वाटला. तिघांच्या सुटकेविरुद्ध उच्च न्यायालयात जाऊ, असं त्यांनी जाहीर केलं.