सॅक हातात नाही, पाठीवर तोलायची

(पहाट. चार भिंतींकडून अजिंक्यताऱ्याचा चढ.)

सकाळचे सहा. साताऱ्यातली फिरायला येणारी मंडळी रिकाम्या हातांनी गड चढतायत. या पोराच्या पाठीवर मात्र भरलेली सॅक, आत पाण्याच्या ७ बाटल्या. पिण्यासाठी नव्हे, वजनासाठी. लिटरला किलो, हिशेब सोपा. पुढच्या आठवड्यात केंजळगड ते रायरेश्वर, मध्ये मुक्काम. नवी सॅक अंगाला बसते का, ते घराजवळच कळलेलं बरं.

वासोट्याला जायचं असतं तर एवढा खटाटोप लागला नसता. तिथे संध्याकाळी लाँचने बामणोलीला परतायचंच असतं. २५ लिटरची पिशवी पुरे. मुक्काम आला की स्लीपिंग बॅग येते, मॅट येते, आणि सॅक ४० लिटरवर जाते.

ही ४० लिटरचीच आहे. पातळ नायलॉन, पाठीला आधार देणारी सळई आत नाही, वजन जेमतेम पाऊण किलो. दुकानात एका बोटावर उचलली, खूश झाला, घेतली.

(शिडीसारख्या चढावर तो थांबतो. खांदे चोळतो.)

सॅक घ्यायची ती पाठीच्या मापाने. ते असं काढा: मान पुढे झुकवा. मानेच्या मुळाशी एक हाड टोचेल, टेप तिथे धरायची. मग दोन्ही हात कमरेच्या हाडांवर, अंगठे मागे. अंगठ्यांच्या रेषेपर्यंत आलं ते पाठीचं माप. उंचीवर जाऊ नका. सहा फुटी माणसाची पाठ आखूड आणि पाय लांब असू शकतात. दुकानदार मात्र उंचीच विचारतो.

आता पट्टे. आधी सगळे सैल. मग कमरपट्टा, पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर, घट्ट. ओझं तिथे बसायला हवं. नंतर खांद्यांचे, अंगाला टेकतील इतकेच. छातीचा सगळ्यात शेवटी; श्वास अडला तर लगेच सैल.

याने नेमकं उलटं केलं, खांद्यांचे पट्टे आधी आवळले. तेही सुधारलं. तरी कमरपट्टा बेंबीच्या वर! सॅकची पाठच याच्यापेक्षा आखूड. हलक्या सॅकमध्ये पाठीची लांबी बहुधा ठरलेली असते, खाली-वर करता येत नाही. म्हणजे ७ किलो थेट खांद्यांवर.

बरोबर मापाची सव्वा किलोची सॅक याला या पाऊण किलोवालीपेक्षा हलकी वाटेल. सळई नसलेलीच हवी, तर मॅटची घडी पाठीला लावून भरायची, जड सामान तिला चिकटून, मध्यावर. आणि पावसाळ्यात वरच्या कव्हरवर विसंबू नका, आपल्याकडचा वारा ते उडवतो. आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला.

(गडाचा दरवाजा. तो बाटल्या एकेक करून झाडाच्या मुळाशी ओततो.)

उतरताना गुडघ्यांना उगाच त्रास नको. सॅकला अजून चिखल लागलेला नाही, बिल खिशात आहे. दुकान अकराला उघडतं.