उजेड आपल्या कुंपणाच्या आत

(तालुक्याच्या व्याख्यानमालेत झालेलं भाषण, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीट केलेलं)

नमस्कार मंडळी. आजचा विषय गावात सगळ्यांना रोज रात्री दिसतो, पण ग्रामसभेत त्याच्यावर कुणी उठून बोलल्याचं मी ऐकलेलं नाही. ढाबा, पेट्रोल पंप, मंगल कार्यालय, गोडाऊन, खडी क्रशर, रिसॉर्ट, यांच्या आवारात रात्रभर चालू असणारे फोकस आणि त्यांना लागून असलेली घरं, गोठे, शेतं. आधीच सांगून टाकतो, मी धंद्याच्या विरोधात नाही. गावात पंप आला, ढाबा आला की चार पोरांना काम लागतं, रात्री ट्रकवाल्याला गरम जेवण मिळतं, आणि धंदा म्हटला की उजेड लागणारच. माझं मागणं एवढंच आहे की तो उजेड ज्याच्या त्याच्या कुंपणाच्या आत राहावा आणि काम संपलं की बंद व्हावा. सांडपाण्याचा पाट कुणी शेजाऱ्याच्या अंगणात काढला तर दुसऱ्या दिवशी सरपंचाकडे तक्रार जाते, उजेड दुसऱ्याच्या घरात सोडला तर मात्र ते घरवालेच जाड पडदा लावून गप्प बसतात.

हे एवढं वाढलं कशानं ते बघू. पूर्वी ढाब्यावर दोन ट्यूबलाइट आणि एखादा हॅलोजन असायचा, आणि हॅलोजन बिल खायचा म्हणून मालक स्वतःच उठून तो बंद करायचा. मग एलईडी आली, आणि स्वस्त झाली. दिव्यातून निघणारा उजेड लुमेनमध्ये मोजतात. जुना 100 वॉटचा पिवळा बल्ब साधारण 1,300-1,400 लुमेन उजेड द्यायचा, आजचा 100 वॉटचा एलईडी फोकस 10,000 लुमेनच्या आसपास देतो, म्हणजे तेवढ्याच विजेत सातपट. वीज वाचवायला आलेली वस्तू, तिथं 15 वॉटमध्ये काम भागलं असतं, पण आपण वॉट तेच ठेवले आणि उजेड सातपट करून बसलो. आणि बिल जाणवत नाही म्हणून बंद करायची सवयही गेली. 2023 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला, जगभरातल्या हौशी लोकांनी 2011 ते 2022 या काळात नुसत्या डोळ्यांनी तारे बघून 50 हजारांच्या वर नोंदी केल्या होत्या, त्यातून निघालं की आकाशाची चमक वर्षाला सरासरी 9.6 टक्क्यांनी वाढतेय. म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. त्यातल्या जास्त नोंदी युरोप-अमेरिकेतल्या आहेत हे खरं, पण आपल्याकडं उजेड कमी होतोय असं तुमच्यापैकी कुणी म्हणेल असं मला वाटत नाही.

आता एक हिशोब करू. 100 वॉटचा फोकस खांबावर लावलाय आणि त्याचं तोंड सरळ समोर आहे, समोर 30 मीटरवर तुमची खिडकी आहे. तर खिडकीवर पडणारा उजेड साधारण 3 ते 4 लक्स भरतो, लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप. पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर असतो तेव्हा अंगणात जेमतेम पाव लक्स पडतो. म्हणजे एका फोकसमुळं तुमच्या उशाशी रात्रभर बारा-पंधरा पौर्णिमा एकदम, आणि ढाब्यावर फोकस एकच कुठं असतो हो, चार असतात, सहा असतात. प्रकाशाची जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, सीआयई, तिच्या 2017 च्या मार्गदर्शिकेत ग्रामीण भागातल्या घराच्या खिडकीसाठी मर्यादा दिलीय, रात्रीच्या ठरलेल्या वेळेआधी 5 लक्स आणि त्यानंतर 1 लक्स. मग या हिशोबानं मध्यरात्रीनंतर एकटा फोकससुद्धा मर्यादेच्या तिप्पट जातो. अंतर दुप्पट केलं तर उजेड चौथाईवर येतो, त्यामुळं 60 मीटरवरचं घर बरंच सुटतं, पण गावात ढाबा आणि घर यांच्यामध्ये 60 मीटर मोकळे असतात किती ठिकाणी?

झोपेचं थोडक्यात सांगतो. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं द्रव्य तयार होतं, ते शरीराला रात्र झाल्याचं सांगतं. त्याला सगळ्यात जास्त अडवतो तो निळसर पांढरा उजेड, म्हणजे बॉक्सवर कूल डेलाइट, 6500 केल्विन लिहिलेला असतो तो (केल्विनचा आकडा मोठा तेवढा उजेड निळसर, लहान तेवढा पिवळसर), आणि गावात सगळीकडं नेमका तोच मिळतो कारण तो जास्त लख्ख दिसतो. आणि मोतीबिंदू असलेल्या म्हाताऱ्या माणसांना हा फोकस डोळ्यांत गेला की समोरचं काही दिसतच नाही, रस्ता ओलांडताना ते थबकून उभे राहतात.

पण मला जास्त वेळ द्यायचाय तो पिकांना, कारण झोपेचं सांगितलं की मालक म्हणतो पडदा लावा, आता सोयाबीनला पडदा कसा लावणार? सोयाबीनला फुलोऱ्यात यायला मोठी रात्र लागते. 1920 साली अमेरिकेच्या शेती खात्यातल्या गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोघांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून हे दाखवून दिलं, की झाड दिवस-रात्रीची लांबी मोजतं आणि त्याप्रमाणं फुलतं. आता अशा पिकाशेजारी रात्रभर फोकस असला तर त्याच्या लेखी रात्र मोठी होतच नाही, ते वाढतच राहतं, फुलं उशिरा धरतं, आणि बाकीचं रान पिवळं पडून काढणीला आलं तरी फोकससमोरचा पट्टा हिरवागार उभा असतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं काय झकास पीक आहे. त्या शेतकऱ्याला विचारा. मळणीत ते हिरवे दाणे बाकीच्या मालात मिसळतात, मार्केटला ओलावा मोजला जातो आणि सगळ्याच मालाचा भाव पडतो, किंवा मग तेवढ्या पट्ट्यासाठी पुन्हा मजूर आणायचे, ते परत मिळत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका शेतकऱ्याला आधी वाटलं बियाणंच खराब लागलं, मग त्यानं रात्री जाऊन बघितलं तर हिरवा पट्टा बरोबर जिथपर्यंत शेजारच्या गोडाऊनचा झोत पडतो तिथं थांबत होता. शेवंतीवाल्यांना हे नवीन नाही, पॉलिहाऊसमध्ये ते मुद्दाम रात्री बल्ब लावून शेवंतीची फुलं लांबवतात, हवी तेव्हा माल काढता यावा म्हणून. तिथं शेतकरी स्वतः ठरवून करतो, इथं दुसऱ्याच्या दिव्यानं आपल्या रानात तेच घडतं आणि नुकसान भरून द्यायला कुणी येत नाही.

किडींचंही तसंच. हुमणी म्हणजे पिकाची मुळं खाणारी अळी, तिचे भुंगेरे पहिल्या वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून बाहेर येतात, कडुनिंबावर बाभळीवर बसतात, आणि उजेडाकडं झेपावतात म्हणून तर कृषी खातं प्रकाश सापळे लावायला सांगतं. सापळ्याखाली रॉकेल टाकलेलं पाणी असतं, भुंगेरा पडला की मेला. ढाब्याच्या फोकसखाली काय असतं? काही नाही. लांबलांबचे किडे गोळा होतात आणि शेजारच्या उसात उतरतात.

आणि काजवे. अकोले तालुक्यात पुरुषवाडी, भंडारदरा, घाटघर या पट्ट्यात मेअखेर ते जूनमध्ये काजवे बघायला पुण्या-मुंबईहून गाड्यांच्या रांगा लागतात, त्यावर तिथल्या आदिवासी कुटुंबांचं वर्षाचं चार पैशांचं गणित बसतं. काजवा चमकतो तो जोडीदार शोधायला, नर इशारा देतो, मादी उत्तर देते, आणि आजूबाजूला पांढरा उजेड असला की इशारा दिसतच नाही, जोडी जमत नाही, पुढच्या वर्षी काजवे कमी. अशा जागी नवीन टेंट-कॅम्प झाडांवर खालून फोकस मारतात ते बघून जीव तुटतो माझा, ज्या गोष्टीसाठी पाहुणा येतो तीच विझवतात. कोकणात वेळास, आंजर्ल्याला कासवाची पिल्लं घरट्यातून निघाली की जिथं जास्त उजळ दिसतं तिकडं चालतात, हजारो वर्षं ते समुद्राच्या बाजूचं क्षितिज होतं, आता किनाऱ्यावरच्या हॉटेलचा दिवा असेल तर पिल्लू पाण्याकडं पाठ फिरवून दिव्याकडं जातं.

आपल्याच राज्यात याचं चांगलं उदाहरण आहे. नागपूर जिल्ह्यातला पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी 2024 मध्ये भारतातला पहिला डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचं आकाश काळोखं राखलेली जागा, ठरला. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या गावांतले 100 च्या वर दिवे बदलले, उजेड फक्त जमिनीवर पडेल असे लावले. गावं अंधारात बुडाली नाहीत, रस्ते आजही दिसतात, फक्त उजेड वर आणि आडवा जायचा तो थांबला.

आता नियमांकडं येऊ. लाऊडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद, हे गावातल्या पोरालाही पाठ आहे, कारण 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. उजेडासाठी आपल्याकडं असा स्वतंत्र नियम नाही. फ्रान्समध्ये 2018 च्या डिसेंबरमध्ये सरकारी आदेश निघाला, दुकानांच्या काचेतले दिवे रात्री 1 वाजेपर्यंत किंवा दुकान बंद झाल्यावर तासाभरात बंद. इंग्लंडमध्ये 2005 च्या कायद्यानं त्रासदायक उजेड हा कायदेशीर उपद्रव धरला, लोकल कौन्सिल नोटीस काढू शकतं. आपण तेवढ्यासाठी विधानसभेची वाट बघायची गरज नाही असं माझं ठाम मत आहे. गावात नवीन धंदा येतो तेव्हा मालक बहुतेक वेळा ग्रामपंचायतीकडं ना-हरकत दाखल्यासाठी येतोच, तेव्हा ग्रामसभेच्या ठरावात चार ओळी घाला: बाहेरच्या दिव्याची काच जमिनीला समांतर राहील, दिव्याचं पेटतं तोंड शेजारच्या घरातून किंवा रस्त्यावरून दिसणार नाही, बाहेर 3000 केल्विनच्या वरचा दिवा लागणार नाही, आणि धंदा बंद झाल्यावर अर्ध्या तासात फोकस बंद. वर्षाला चार ग्रामसभा असतात, एकीत हा विषय लेखी द्या, तोंडी बोलाल तर इतिवृत्तात येणार नाही.

जुन्या धंद्याला मात्र आधी भेटा, आणि भेटायला दिवसा जाऊ नका. मालकाला रात्री जेवणानंतर तुमच्या घरी बोलवा, आतल्या खोलीतला दिवा बंद करा आणि त्याला तुमच्या खाटेवर बसवा. बऱ्याच जणांनी आपला फोकस समोरून कधी बघितलेलाच नसतो. मग उपाय सांगा, तो फुकटातला आहे, फोकसच्या पट्टीचे दोन बोल्ट ढिले करायचे आणि तोंड खाली करायचं. सहा मीटरच्या खांबावरचा दिवा खाली वळवला तरी बऱ्यापैकी आवार उजळतं, आणि वाया जाणारा उजेड खालीच आल्यामुळं 100 च्या जागी 50 वॉटमध्ये भागतं. हिशोब द्या त्याला, आठ फोकस मध्यरात्रीनंतर सहा तास चालले की रात्रीला 4.8 युनिट, महिन्याला 144 युनिट, व्यापारी दरानं. पंपाचं सांगायचं तर छतातले दिवे छताच्या आत बसवलेले असले तर त्रास कमी असतो, खाली लोंबणारे आणि कडेला तिरपे लावलेले फोकस बदलायला सांगा. पिवळसर दिवा झोपेला आणि किड्यांना बरा, सोयाबीनला मात्र त्याचा उपयोग नाही, कारण झाड लाल उजेडही ओळखतं, तिथं तोंड वळवणं आणि बंद करणं हाच इलाज.

एवढं करूनही कुणी ऐकलं नाही आणि त्रास बऱ्याच घरांना होत असेल तर सार्वजनिक उपद्रव म्हणून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 खाली प्रांताधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, म्हणजे सीआरपीसीचं 133 ते. त्रास एकाच घराला असेल तर दिवाणी कोर्ट. पण हे शेवटी, कारण एकदा कागद सुरू झाले की शेजारपण संपतं.

(इथं श्रोत्यांनी प्रश्न विचारले.)

हो, उजेड कमी केला तर चोऱ्या होतील, हा प्रश्न दरवेळी येतो आणि तो खरा आहे. पण बघा, डोळ्यांत घुसणाऱ्या फोकसमागं माणूस उभा असला तर तो तुम्हाला दिसत नाही, सीसीटीव्हीलाही दिसत नाही, कॅमेऱ्यात नुसता पांढरा डाग येतो. खाली वळवलेला दिवा आणि त्याला मोशन सेन्सर लावा, हालचाल झाली की पेटेल, मग वॉचमनचंही लक्ष जातं. नेहमी पेटलेल्या दिव्याकडं कुणी बघत नाही.

हायवेवरून ढाबा दिसला पाहिजे, बरोबर. त्यासाठी बोर्ड उजळा, वरून खाली उजेड पाडून. रस्त्याकडं तोंड केलेल्या फोकसमुळं ड्रायव्हरचे डोळे दिपतात, आणि अंधाराला पुन्हा पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात गाडी पंधरा-वीस किलोमीटर पुढं गेलेली असते.

तुम्ही म्हणताय की ग्रामपंचायतीच्या हायमास्टचाच उजेड घरात येतो. तर मग त्याच ठरावात पंचायतीचे दिवेही घाला, नाहीतर ढाबेवाला पहिलं बोट तिकडंच दाखवेल आणि त्याचं चूक नसेल. वायरमन एकदा शिडी घेऊन येणारच आहे, त्याच फेरीत हायमास्टचे फोकसही वळवून घ्या. त्याआधी दोघं-तिघं रात्री अकरानंतर गावातून फिरून यादी करा, कुठल्या दिव्याचं तोंड कुणाच्या घराकडं आहे, मोबाइलमध्ये लक्स मोजायचं अ‍ॅप मिळतं, त्याचा आकडा ढोबळच असतो पण वळवण्याआधी आणि वळवल्यानंतर किती फरक पडला एवढं त्यावर कळतं, तेवढं लिहून ठेवा.