चांगीचा धबधबा ट्रान्झिटमध्ये का दिसत नाही?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून आलाय. आई-वडील लेकाकडं मेलबर्नला निघालेत, सिंगापूरला पाच-सहा तासांचा थांबा आहे, तर तिथल्या चांगी एअरपोर्टचा तो रीलमधला धबधबा बघायला मिळंल का? आणि जे जाऊन आलेत ते चिडून लिहायलेत, "जगात एक नंबर म्हणे, आम्हाला तर नुसतं कार्पेट अन् दुकानं दिसली."

त्यांचा राग रास्त आहे. चांगी एअरपोर्ट वाईट नाही, एअरपोर्टांना नंबर देणाऱ्या स्कायट्रॅक्सच्या यादीत २०२५ साली तो पुन्हा पहिला आला. पण तो धबधबा कुठल्या बाजूला आहे, हे रील टाकणारे सांगतच नाहीत. पहिल्यांदा विमानात बसलेली म्हातारी माणसं गुडघे धरून तीन-तीन टर्मिनल फिरतात आणि हात हलवत परत येतात. याचा मला मनापासून राग येतो.

तिकिटाचं पटकन सांगतो. चिकलठाण्याहून, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या एअरपोर्टवरून, परदेशी विमान नाही, मुंबई, दिल्ली नाहीतर हैदराबाद गाठायचं. नांदेड, लातूर, परभणीवाल्यांना हैदराबाद सोयीचं, तिथून सिंगापूरला थेट विमान आहे. पासपोर्ट, व्हिसा, वेब चेक-इन तुम्हाला ठाऊक आहे.

आता मुद्द्याचं. एअरपोर्टचे दोन भाग धरा. इमिग्रेशन म्हणजे पासपोर्ट-व्हिसा तपासायचं काउंटर. त्याच्या आतला भाग म्हणजे ट्रान्झिट. इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडलात की तो सिंगापूर देश. धबधबा आहे ज्युएल नावाच्या इमारतीत. ती २०१९ मध्ये सुरू झाली, धबधब्याची उंची ४० मीटर, आणि ती इमारत बाहेरच्या बाजूला आहे. देवगिरी मनमाडला थांबली म्हणून आपण मनमाड गाव पाहत नाही, तसंच हे.

बाहेर पडायला भारतीय पासपोर्टवाल्याला व्हिसा लागतो. कमेंटमध्ये कुणीतरी ठोकून दिलंय, "९६ तास फ्री आहे, बिनधास्त जा." अहो, थांबा. व्हिसा-फ्री ट्रान्झिटची सोय आहे, पण अटींवर. तुमच्याकडं अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, जर्मनी किंवा स्वित्झर्लंडचा व्हिसा पाहिजे आणि तो निदान एक महिना शिल्लक पाहिजे. फ्रान्स-इटलीनं दिलेला शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, इथं धरत नाहीत. ९६ तासांच्या आत पुढं निघायचं पक्कं तिकीट पाहिजे. आणि व्हिसा एकाच फेरीचा असेल तर जाताना ही सोय नाही, त्या देशातून थेट परत येतानाच मिळते. एवढं सगळं बसलं तरी शेवटचा शब्द काउंटरवरच्या अधिकाऱ्याचा.

म्हणजे मेलबर्नला निघालेल्या आई-वडिलांकडं ऑस्ट्रेलियाचा बऱ्याच फेऱ्यांचा व्हिसा असेल, तर त्यांना जाताना बाहेर पडता येईल. त्यासाठी एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापुरात शिरायचा ऑनलाईन फॉर्म, भरायचं, सिंगापूरला उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत. ते सरकारी साईटवर फुकट आहे. पैसे मागणारी साईट दिसली की बंद करा. जे ट्रान्झिटमध्येच थांबणार, त्यांना हे कार्ड लागतच नाही.

आणि वेळ बघा. धबधबा चोवीस तास पडत नाही. सकाळी दहा-अकराच्या सुमारास सुरू होतो, रात्री दहाच्या सुमारास बंद. हैदराबादहून रात्रीचं विमान पकडून तुम्ही सकाळी लवकर उतरलात आणि नऊला पुढचं विमान असलं, तर सगळ्या अटी पाळूनही वर नुसतं काचेचं गोल छत बघाल.

हीच इमिग्रेशनची रेघ दुसरीकडून बघा, कारण इथं नुकसान मोठं आहे. स्वस्त पडतं म्हणून बरेच जण दोन वेगळी तिकिटं काढतात. हैदराबाद-सिंगापूर एका कंपनीचं, सिंगापूर-मेलबर्न दुसऱ्या कंपनीचं, दोन पीएनआर, म्हणजे दोन वेगळे बुकिंग नंबर. अशा वेळी बॅग बहुतेक वेळा सिंगापूरच्या पट्ट्यावर येते. पट्टा कुठं आहे? इमिग्रेशनच्या पलीकडं. सिंगापूरचा व्हिसा नाही आणि वरची ९६ तासांची सोयही बसत नाही, म्हणजे बॅग घेता येत नाही. त्याच्याही आधी, हैदराबादच्या काउंटरवरच बोर्डिंग नाकारू शकतात. मग चांगी कितीही देखणा असो, तुम्ही शमशाबादलाच, हैदराबादच्या एअरपोर्टवर, बसलेले असता.

म्हणून काउंटरवर बॅग दिली की तिथून हलू नका. बॅगेच्या मुठीला पांढरी पट्टी लावतात, तिच्यावर मोठ्या अक्षरांत तीन अक्षरी कोड असतो. तो शेवटच्या एअरपोर्टचा पाहिजे. मेलबर्नला जायचंय तर मोठ्या अक्षरांत एमईएल (MEL), आणि सिंगापूरचं एसआयएन (SIN) बारीक अक्षरांत, मधला थांबा म्हणून. मोठ्या अक्षरांत एसआयएन छापलं असेल तर तुमची बॅग सिंगापूरलाच उतरणार. तिथंच विचारा, "बॅग शेवटपर्यंत चेक-इन झाली का?" पावतीचा छोटा स्टिकर बोर्डिंग पासला नाहीतर पासपोर्टला चिकटवून देतात, त्याच्यावरही हाच कोड बघून घ्या. मुलांनो, आई-वडिलांना हे फोनवर सांगून भागत नाही. कोड कागदावर मोठ्ठा लिहून त्यांच्या खिशात द्या.

तिसरी बाजू झोपण्याची. "एअरपोर्टच्या आत हॉटेल" म्हणून खोली बुक करतात आणि ती निघते ज्युएलमध्ये, म्हणजे परत तीच रेघ. बुकिंग करताना "ट्रान्झिट एरिया" असं स्पष्ट लिहिलंय का बघा. आतली हॉटेलं तासांच्या हिशेबानं मिळतात. पैसे घालायचे नसतील तर आत फुकट पहुडायच्या खुर्च्या आहेत. एसी कडक असतो, शाल हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

मग आतल्या माणसानं बघायचं काय? टर्मिनल ३ मधली फुलपाखरांची बाग आणि टर्मिनल १ ची निवडुंगाची बाग आतल्या बाजूला आहेत, तिकीट नाही. आणि धबधब्याची एक झलक आतूनही मिळते. टर्मिनल २ आणि ३ मध्ये धावणारी स्कायट्रेन ज्युएलमधून जाते. ट्रान्झिटवाल्यांच्या डब्यात बसा, खिडकीला उभे राहा. काही सेकंदच दिसतो, मोबाईल आधीच काढून ठेवा. टर्मिनल ४ ला उतरलात तर तिथं ही ट्रेन नाही, बस आहे, तेव्हा वेळ जास्त धरा.

आता पाण्याची बाटली. टर्मिनल १, २, ३ मध्ये सिक्युरिटी तपासणी गेटच्या तोंडाशी होते. भरलेली बाटली तिथं टाकावी लागते. गेटच्या आतल्या बऱ्याच खोल्यांत संडास-बाथरूम नाही. वयस्कर माणसांनी आधी जाऊन यावं, गोळ्या घेऊन घ्याव्यात, मगच आत शिरावं. तुपाची बरणी, तेल सुटलेलं लोणचं हातातल्या पिशवीत असेल तर तेही तिथंच अडकतं. १०० मिलीचा नियम आहे. शेंगदाण्याची कोरडी चटणी या नियमात येत नाही.

घड्याळ अडीच तास पुढं करा. बोर्डिंग पासवरची वेळ सिंगापूरची असते. मनगटावर भारताची वेळ ठेवून निवांत बसलेल्यांची विमानं सुटतात.

आणि काका, मामा, तुमच्यासाठी खास. बाहेर पडणार असाल तर खिशात तंबाखूची पुडी, गुटखा, खैनी नको. सिंगापुरात ते आणायलाच बंदी आहे, स्वतःपुरतं असलं तरी. च्युइंगमही नको. पुडी हैदराबादलाच कचऱ्यात टाकून विमानात बसा.